बत्तीसावं टिंब

कागदावर सतरा ओळी होत्या. सतरा ओळींत चारशे बारा अक्षरांच्या जागा, आणि त्यांतल्या एकतीस जागी अक्षराऐवजी टिंब. मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा शेवटून सुरुवातीकडे मोजत आले, म्हणजे पहिल्या मोजणीचा प्रभाव पडू नये. दोन्ही वेळा एकतीसच. मग वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं : 'नऊ शनिवार. १७ ओळी. ३१ टिंबं.'

"काय मोजतीयस गं?" शेजारून इरफानने विचारलं.

"काही नाही."

"टिंबं मोजतीयस. मी पण मोजली होती. अठ्ठावीस."

"एकतीस आहेत."

"मग माझी तीन वाळवीनं खाल्ली," तो म्हणाला आणि बोरू शाईत बुडवून पुन्हा आपलं नाव मोडीत काढायला लागला. ते त्या दिवशीचं त्याचं चौदावं नाव होतं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी सातवीत होते. देऊरगावच्या आमच्या शाळेत त्या वर्षी पाचवी ते आठवीसाठी शनिवारचे छंदवर्ग सुरू झाले होते. शनिवारी शाळा सकाळची, आणि तिचे शेवटचे दोन तास छंदाचे. विज्ञान प्रयोग, संगणक, चित्रकला, खो-खो, तबला, शिवण आणि मोडी असे सात वर्ग होते. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन पसंती लिहायच्या होत्या. मी तिन्ही ओळींत 'विज्ञान प्रयोग' लिहिलं. त्याने माझी शक्यता तिप्पट होईल असा माझा हिशेब होता. मुख्याध्यापक शेंडगेसर गणित शिकवायचे. त्यांनी ती चिठ्ठी बाद धरली आणि जिथं मुलं सगळ्यांत कमी होती तिथं माझं नाव घातलं.

मोडीला आम्ही चौघं. इरफान तांबोळीला खो-खो हवा होता, पण जूनमध्येच त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. नीलिमा चिठ्ठ्यांच्या दिवशी गैरहजर होती, आणि पुढेही बहुतेक गैरहजरच राहिली. चौथी पूनम गोरड. ती चार किलोमीटरवरच्या वाडीवरून सायकलने यायची. मोडी स्वतःहून मागणारी अख्ख्या शाळेत ती एकटीच. का मागितली, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शेंडगेसरांनी पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर नियम सांगितला होता. दिवाळीपर्यंत ज्या वर्गात दहा मुलं होणार नाहीत तो वर्ग बंद, आणि त्यातल्या मुलांना हवा तो वर्ग. तेव्हापासून मी मोडीचा वर्ग बंद पडायची वाट बघत होते. मागच्या पानावरची मोजणी त्याचसाठी होती.

शिकवायला म्हेत्रेबाई यायच्या. त्या शाळेच्या शिक्षिका नव्हत्या. नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. पालिकेत जुन्या कागदांचे साडेतीनशे रुमाल पडून होते, आणि गावात ते वाचता येणारं त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. वर्ग काढा म्हणून त्या स्वतःच शाळेत आल्या होत्या.

"साडेतीनशे रुमाल?" इरफानने पहिल्या दिवशी विचारलं होतं. "एवढी सर्दी कुणाला झालती बाई?"

"कागद ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात," बाई म्हणाल्या होत्या. "आणि सर्दी मला होते. धुळीनं."

बाई बुटक्या होत्या. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं लाकडी मुठीचं भिंग. वाचनालयाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही बसायचो. बाई आधी कागदावर आडवी रेघ ओढायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर लटकवत जायच्या. हात उचलायचा नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, पूर्णविराम नाही.

"बाई, परीक्षेत पण आम्हाला मोडीतच लिहू द्या की," इरफान म्हणायचा. "शुद्धलेखनाचे मार्कच जाणार नाहीत."

"तपासणार कोण?"

"तेच तर."

अक्षरं बसल्यावर बाईंनी आम्हाला एका खऱ्या कागदाची झेरॉक्स दिली. शाळेमागच्या विहिरीचा कागद. दोनशे वर्षांपूर्वी ती विहीर बांधली तेव्हाचा. तो आम्ही ओळीओळीने बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या लिपीत, उतरवत होतो. बाईंचा नियम एकच : "दिसतं ते लिहा. वाटतं ते लिहू नका. अक्षर लागलं नाही तर टिंब द्या."

याचाच मला राग यायचा. बाराव्या ओळीत 'पाटी', मग एक वाळवीचं भोक, मग पुढे गावाचं नाव. "बाई, इथं 'ल'च असणार. पाटील," मी म्हटलं.

"दिसतो?"

"नाही, पण दुसरं काय असेल?"

"दुसरं काय असेल ते मला माहीत नाही. म्हणून टिंब."

"पण कुणालाही कळतंय!"

"कळतंय ना? मग टिंब दिलं तरी कळेल."

त्या तासाला आम्ही दीड ओळ पुढे सरकलो. भिंतीपलीकडे केंजळेसरांच्या विज्ञान प्रयोगाच्या वर्गात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि वीस मुलं एकदम ओरडली. मी त्या भिंतीकडे बघत बसले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी शेंडगेसरांकडे अर्ज दिला. विषय : छंदवर्ग बदलून मिळण्याबाबत. मजकुरात मोजणी दिली होती. नऊ शनिवारांत सतरा ओळी, म्हणजे शनिवारी दोनपेक्षाही कमी, आणि त्यांतही एकतीस अक्षरांचा पत्ता नाही. खाली 'आपली आज्ञाधारक, ऋजुता कोष्टी'.

सरांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि परत वाचला.

"टिंबं तू मोजलीस?"

"दोनदा, सर."

"हं. सव्वीस तारखेला प्रदर्शन आहे. प्रत्येक वर्गानं काय केलं ते पालकांना दाखवायचं. त्याच दिवशी बघू." त्यांनी अर्ज टेबलाच्या काचेखाली सरकवला. तो तिथं सगळ्यांना दिसेल असा राहील हे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी आम्ही सातवी ओळ पक्की करत होतो. ही ओळ गावात सगळ्यांना पाठ होती. विहिरीच्या कठड्यावर संगमरवरी फलक होता : 'सात परसांची विहीर. सात घरांच्या परसांत मिळून बांधलेला सामाईक पाणवठा.' शाळेच्या पंचविसाव्या वर्षी लावलेला. खाली बारीक अक्षरांत 'मोडी वाचन : श्रीमती गोदावरी म्हेत्रे'. गावातली सातापेक्षा जास्त घरं आपण त्या सातांतले असल्याचं सांगायची.

आमच्या उताऱ्यात ती ओळ अशी होती : 'विहीर नवी परस ७', मग दोन टिंबं, मग 'हात ९ बांधोन'.

मी ती वाचली आणि थांबले. मला त्या आकड्यांचा त्रास होत होता.

"बाई, हात नऊ म्हणजे काय?"

"हात म्हणजे माप. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत."

"म्हणजे कशाचं तरी माप नऊ हात. कशाचं ते टिंबांत गेलं."

"हो."

"मग सातचं एकक काय?"

"सात परसं. घरामागची. त्याला एकक कुठलं?"

"पण बाई, एका ओळीत दोन आकडे आहेत, दोन्हीच्या आधी एकेक शब्द आहे. परस सात, हात नऊ. एक माप आहे, तर दुसरं घरामागची जागा कशी?"

बाई पुन्हा ओळीवर वाकल्या. आणि तेवढ्यात पूनम हसली. ती वर्गात क्वचितच बोलायची, त्यामुळे आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"काय गं?"

"काय न्हाई."

"सांग की," इरफान म्हणाला. "आम्हाला पण हसू दे."

"परस म्हंजी माप न्हाई व्हय? आमच्या हिरीला धा परस हाय ना. औंदा दोनच परस पाणी ऱ्हायलंय, रोज म्हणतात आमचं आण्णा." मग तिने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "माणूस हात वर करून हुबा ऱ्हायला की एक परस. हिरीत उतरल्यावर दुसरं कशानं मोजायचं?"

बाईंनी फडक्यातून भिंग काढलं. सातव्या ओळीवर धरलं. ती ओळ त्यांनी शेकडो वेळा वाचली असणार. तरी त्या एकेक अक्षरावर थांबत होत्या, जशा आम्हाला थांबायला लावायच्या तशाच.

"अण्णांना विचारून ये," शेवटी त्या म्हणाल्या. "परस म्हणजे नेमकं किती. त्यांच्याच शब्दांत लिहून आण. तुझे शब्द घालू नकोस."

"व्हय बाई."

"आणि फलक तर तू रोज वाचतेस ना? आधी का नाही बोललीस?"

पूनमने खाली बघितलं. "फलकावर तुमचं नाव हाय, बाई."

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी आणि इरफान मोजपट्टी घेऊन विहिरीवर गेलो. कठड्यावर लोखंडी जाळी होती, त्यामुळे आरपार मोजणं सोपं होतं. शाळेचे शिपाई धोंडीमामा घंटेखाली बसले होते. त्यांचा हात कोपरापासून मोजला. साडेपंचेचाळीस सेंटिमीटर.

"कापड घेताय का मला?" त्यांनी विचारलं.

"विहीर मोजतोय मामा."

"मग माझा हात कशाला?"

साडेपंचेचाळीस गुणिले नऊ, चार मीटर दहा सेंटिमीटर. विहिरीची रुंदी आली चार मीटर बारा. मी ती तीन ठिकाणी मोजली. मग इरफानने मोजली. त्याच्या हातूनही चार मीटर बाराच.

शनिवारी मी हे आकडे बाईंपुढे ठेवले. पूनमने तिच्या वडिलांचे शब्द आणले होते : 'गड्याने हात ताठ वर केला की पायापासून बोटापत्तोर एक परस.' बाईंनी दोन्ही कागद वाचले आणि उठल्या.

"चला," म्हणाल्या.

"कुठं बाई?"

"शेंडगेसरांकडे. चौघांनीही. नीलिमा आज आलीय, हे बरं झालं."

त्या वेळी मला एकदम आठवलं की माझा अर्ज टेबलाच्या काचेखाली आहे.

शेंडगेसरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे फलक चुकीचा?"

"हो."

"बाई, फलक तुमच्याच शब्दावर लावलाय. शाळेच्या पंचविशीच्या पुस्तिकेत छापलंय. गावातली निम्मी मंडळी त्या सात घरांच्या नावानं मिरवतात. आणि आता एका पोरीच्या वडलांनी सांगितलं म्हणून…" ते थांबले. काचेखालचा कागद त्यांनी बाहेर काढला आणि बाईंपुढे केला. "तसा तुमच्या वर्गाबद्दल आधीच एक अर्ज आहे."

माझे कान तापले. बाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. अगदी सावकाश, विषयापासून सहीपर्यंत. भिंग काढतात की काय असं मला वाटलं.

"ऋजुता," त्या म्हणाल्या, "मोजणी तू केलीस?"

"हो बाई."

"एकतीस बरोबर आहेत. मीही मोजलीत." त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. सरांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, माझ्या 'एकतीस'वर आडवी रेघ मारली आणि वर 'बत्तीस' लिहिलं.

"एक जास्त कुठलं?" सरांनी विचारलं.

"परस. अक्षरं तिन्ही नीट लागली होती. प, र, स. अर्थ लागला नव्हता. पुस्तिकेचे लोक घाईत होते, अर्थ काय, अर्थ काय म्हणून मागे लागले, आणि मला परस म्हणजे घरामागचं परस एवढंच माहीत होतं. मी गावात वाढलेली, विहिरीत कधी उतरले नाही. वाटलं ते लिहून दिलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, अक्षर समजावून सांगताना असायचा तसा. "अर्थालाही टिंब देता येतं, हे तेव्हा सुचलं नाही. या मुलांना पहिल्या दिवशी तो नियम सांगितला ना मी, तो मला पहिल्या दिवशी कुणी सांगितला नव्हता."

शेंडगेसर खुर्चीत पुढे सरकले. मग एकदम गणिताच्या तासाला बोलायचे तसे बोलले.

"ठीक. मग पडताळा कसा घ्यायचा?"

"विहीर खोल किती ते मोजायचं," मी म्हटलं. मी बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं. "सात परस आली तर माप. नाही आली तर…"

"परस म्हणजे किती? माणसं काय एका उंचीची असतात?"

"शाळेतली सगळी मोठी माणसं मोजायची, सर. हात वर करून. सगळ्यांत बुटक्याच्या सात पटीपासून सगळ्यांत उंचाच्या सात पटीपर्यंत. खोली त्यात यायला हवी."

"आणि आकडे आधी लिहायचे," बाई म्हणाल्या. "दोरी सोडायच्या आधी. फळ्यावर, सगळ्यांना दिसतील असे."

सरांना ते आवडलं, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. तरी ते म्हणाले, "प्रदर्शनाच्या दिवशी करा. पालकांसमोर. आकडा त्यात बसला तर मुलं चार असोत की दोन, वर्ग चालू राहील, आणि फलक मी बदलून घेईन. नाही बसला तर दिवाळीनंतर वर्ग बंद. मंजूर?"

"मंजूर," बाई म्हणाल्या. "नाही बसला तर त्या शब्दाखाली टिंब. तेवढं तरी फलकावर घालाच."

आम्ही निघालो तेव्हा सरांनी मला थांबवलं.

"केंजळेसरांकडे एक जागा रिकामी झालीय. एक मुलगा संगणकाला गेला. आजपासून जायचं तर जा. हा अर्ज मंजूर करतो."

दारातून मला बाहेरचा व्हरांडा दिसत होता. बाई कोपऱ्यावर उभ्या राहून पूनमला काहीतरी विचारत होत्या, आणि पूनम हात वर करून दाखवत होती.

"सर, अर्ज मला परत मिळेल का?" मी विचारलं. "मागची बाजू कोरी आहे. आकडे लिहायला लागेल."

प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारी मी सातवी ओळ स्वच्छ प्रतीत उतरवत होते. विहीर नवी, परस सात, आणि पुढे मी सरळ 'रुंद' लिहिलं. आता तर रुंदी मोजून झाली होती. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"हे दोन दिसतात?"

"नाही. पण बाई, आता आपण सिद्ध केलंय ना?"

"विहीर नऊ हात रुंद आहे हे सिद्ध केलंय. कागदावर 'रुंद' लिहिलंय हे नाही. 'रुंदी' असेल. 'घेर' असेल आणि लिहिणारा चुकला असेल. उद्या कुणाला याची दुसरी प्रत सापडली तर त्याला ठरवू दे."

मी खोडलं आणि दोन टिंबं दिली. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. का आला नाही ते शोधायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

सव्वीस तारखेला व्हरांड्यात सगळे वर्ग मांडले होते. विज्ञानाच्या टेबलापुढे ज्वालामुखी बघायला गर्दी होती, शिवणवाल्यांनी पिशव्या टांगल्या होत्या. आमच्याकडे भिंत होती. भिंतीवर खडूने खुणा केल्या होत्या, आणि इरफान, ज्याचा पाय आता बरा होता, येणाऱ्याजाणाऱ्या शिक्षकांना हाताला धरून आणत होता.

"सर, हात वर. ताठ. टाच उचलायची नाही."

"चोरी केलीय का मी?" खो-खोचे यादवसर म्हणाले. त्यांची बोटं दोन मीटर सत्तावीसला पोचली. कार्यालयातले भाऊसाहेब दोन मीटर सहा. केंजळेसर दोन पंधरा. शेंडगेसर आले, कोट काढून पूनमच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ लावून मुकाट हात वर केला. दोन दहा. पालक हसत होते. सरही हसले, पण टाच उचलली नाही.

शेवटी धोंडीमामा. दोन मीटर दोन.

"मामा, तुम्ही सगळ्यांत कमी," इरफान म्हणाला.

"विहिरीचा गाळ काढायला मीच उतरलो होतो, फलक लावला त्या साली. तेव्हा नव्हतो कमी."

"गाळ? आता किती असेल, मामा?" मी विचारलं.

"आता काय सांगू पोरी. सोळा वर्षं झाली."

याचा विचार मी केलाच नव्हता. मी बाईंकडे बघितलं.

"गाळाचं माहीत नाही," बाई म्हणाल्या. "असू दे. लिही."

मी फळ्यावर लिहिलं : कमीत कमी ७ × २.०२ = १४.१४ मीटर. जास्तीत जास्त ७ × २.२७ = १५.८९ मीटर. त्याखाली बाईंनी खडू घेतला आणि मोडीत, एका रेघेला लटकवून, ओळ लिहिली : विहीर नवी परस ७. 'परस'च्या खाली एक टिंब दिलं. वाचता येणारे त्या गर्दीत पाच जण होते, नीलिमा धरून.

मग फळा उचलून सगळे विहिरीवर गेले. ज्वालामुखीपुढची गर्दीही मागोमाग आली. केंजळेसरांनी प्रयोगशाळेतलं एक किलोचं वजन दिलं होतं. सुती दोरी ओली झाली की आखडते, असं सांगून दोरीही त्यांनीच नायलॉनची आणली होती. मी वजन जाळीच्या भोकातून सोडलं. दोरी पूनमच्या हातात होती. हात तिचा सवयीचा होता. मीटरामीटरावर गाठी मारल्या होत्या, आणि इरफान त्या मोठ्याने मोजत होता.

"सात… आठ…" खाली पाण्याचा आवाज झाला. "नऊ… दहा… अकरा… बारा… तेरा…"

दोरी सैल पडली.

कुणीतरी मागून म्हणालं, "संपली वाटतं." शेंडगेसरांनी फळ्याकडे बघितलं. तेरा. चौदाही नाही. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्या दोरीकडे बघत नव्हत्या, पूनमकडे बघत होत्या.

पूनमने दोरी दोन बोटांत धरून हलकेच झटकली. "तळ न्हाई ह्यो," ती म्हणाली. "तळाला वजन असं बसत न्हाई. कपारीवर आडलंय." तिने हातभर दोरी वर ओढली, जाळीच्या पलीकडच्या भोकाशी सरकवली आणि पुन्हा सोडली.

दोरी चालू लागली.

"तेरा," इरफान म्हणाला. त्याने आवाज आपोआप बारीक केला होता. "चौदा. पंधरा."

आणि थोडं पुढे जाऊन दोरी पुन्हा सैल झाली. पूनमने झटकून बघितलं. मान हलवली. "ह्यो तळ."

मी काठाशी दोरीला चिमटा लावला. वर ओढून ती व्हरांड्यात सरळ पसरली आणि यादवसरांनी मैदान आखायच्या पोलादी टेपने मोजली. मग पुन्हा सोडली, पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी टेपचं दुसरं टोक शेंडगेसरांनी धरलं होतं, गुडघे टेकून. तोवर पूनमने बाईंच्या कानाशी काहीतरी सांगितलं होतं, आणि ते मला नंतर कळलं : तिच्या घरी पेटीत एक कागद होता, कुणालाच न लागणारा. बाईंनी तिला तो पुढच्या शनिवारी आणायला सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी वर्ग असेल की नसेल, हे ठरायच्या आधीच.

मी अर्जाच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. १५.३७. १५.३१. १५.३४. सरासरी १५.३४.

"लिहू का फळ्यावर?" मी विचारलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "दोरी आपण कठड्याच्या वरून मोजली. कठडा सिमेंटचा आहे, फलक लावला तेव्हाचा. कागदावरच्या विहिरीला तो नव्हता."

कठडा मोजला. तो बाईंच्या कंबरेपर्यंत येत होता. ब्याऐंशी सेंटिमीटर.

फळ्याभोवती सगळे गोळा झाले होते. मी खडू घेतला, १४.१४ आणि १५.८९ च्या खाली पंधरा पॉइंट चौतीस लिहिलं, खाली शून्य पॉइंट ब्याऐंशी, आणि रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

१४.५२ मीटर.